मदत हवी आहे : शाडूतून घडवलेल्या मुखवट्याचा साचा कसा काढावा?

नमस्कार. येत्या शिमग्यात सोंगासाठी 'स्टार वॉर्स' (१९७७) या चित्रपटातील खलनायक डार्थ वेडरच्या मुखवट्याची प्रतिकृती मी वेंगुर्ल्यात घरीच हाताने घडवत आहे. मूळ मुखवटा शिल्पकार ब्रायन म्यूर यांनी मातीतच घडवला होता आणि त्याच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नाहीत. तो किंचित फरक मी मुद्दाम राखला आहे, कारण तो गेला की मुखवटा बाजारी खेळण्यासारखा दिसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचण मातीची आहे. प्लास्टरच्या डोक्यावर शाडू चढवला आहे. सुकताना माती आकसते, आतले प्लास्टर मात्र आकसत नाही, त्यामुळे तोंडावरच्या त्रिकोणी जाळीच्या कडांना बारीक तडे जातात. ओले फडके गुंडाळून ठेवल्यास तडे थांबतात, परंतु कडा बोथट होतात. गणपतीच्या शाळेतील कारागिरांनी काथ्या मिसळण्यास सुचवले. मूर्तीला तो उत्तम, पण एवढ्या बारीक कामात त्याचे धागे वर येतात.

न सुकणारी तेलमाती घेऊन नव्याने सुरुवात करावी, की ओलसर शाडूवरच साचा घ्यावा? निव्वळ प्लास्टरचा साचा जाळीच्या खाचांत अडकेल, म्हणून आत सिलिकॉन रबर आणि बाहेर प्लास्टरचे कवच असा विचार आहे. ओलसर मातीवर सिलिकॉन नीट उतरते का? शिवाय अंतिम मुखवट्यासाठी साच्यात द्यायचे फायबरचे थर आपल्याकडच्या दमट हवेत चिकट राहू नयेत म्हणून काय काळजी घ्यावी, हे फायबरच्या होड्या बांधणाऱ्या जाणकारांनी कृपया सांगावे.