विषय: दुसऱ्या वर्षाच्या भेटी बंद करायच्या का?

प्रेषक: खजिनदार

मंडळी, नमस्कार.
गरीब कुटुंबांना शेळ्या देण्याच्या आपल्या उपजीविका निधीचा हिशेब सोबत जोडला आहे. पाहिलंत तर शेळ्यांइतकाच खर्च कार्यकर्त्यांच्या घरभेटींवर होतोय. दुसऱ्या वर्षाच्या भेटी बंद केल्या, तर त्याच पैशात बरीच जास्त कुटुंबं घेता येतील. देणगीदारही शेवटी एवढंच विचारतात, किती घरांना शेळ्या दिल्या? कुणाची हरकत नसेल तर पुढच्या बैठकीत ठराव मांडतो.

प्रेषक: सेवा समिती

काका, हरकत आहे, म्हणून जरा लांबण लावते.

घानामध्ये अशीच काटछाट करून पाहिली गेली. काही घरांना नुसत्या शेळ्या दिल्या. काहींना शेळ्यांबरोबर सुरुवातीच्या महिन्यांसाठी हातखर्च, प्रशिक्षण, बचत खातं आणि नियमित भेटी, असं सगळं. पुढे नुसत्या शेळ्या मिळालेल्या घरांत टिकाऊ फरक दिसला नाही, सगळं मिळालेल्यांत दिसला. ही सगळी पद्धत मुळात बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेची, 2002 पासूनची. त्यातला हातखर्च लोकांना उधळपट्टी वाटतो. पण घरात आज चूल पेटायची भ्रांत असेल तर शेळी महिन्याभरात बाजारात जाते. हे सांगायला खरं तर अभ्यासाचीही गरज नाही.

उलट उदाहरण होंडुरासचं. तिथेही हीच सगळी पद्धत होती, पण बहुतेकांनी कोंबड्या निवडल्या आणि रोग येऊन बऱ्याच मेल्या. दिलेली मालमत्ताच गेली. म्हणजे निवडलेला धंदाच डळमळीत असेल तर भेटीही काय करणार?

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पश्चिम बंगालचं. तिथे याच पद्धतीने मदत मिळालेल्या कुटुंबांचं उत्पन्न आणि घरखर्च दहा वर्षांनंतरही मदत न मिळालेल्यांपेक्षा वरचढ होता. पण तो नुसता शेळ्या-गायींच्या जिवावर नव्हे! हाती थोडा पैसा आल्यावर घरातलं कुणी बाहेरगावी बऱ्या मजुरीच्या कामाला गेलं, तिथून पैसे पाठवू लागलं. त्यामुळे आपल्या अहवालातला 'जनावर अजून आहे का?' हा रकानाच चुकीचा आहे. जनावर विकलं असेल तर त्या पैशाचं काय झालं, दवाखान्याचं बिल भागवलं की शिलाई मशीन घेतलं, हे विचारायला हवं. आणि ते विचारायला कुणीतरी घरी जावंच लागतं.

प्रेषक: एक सभासद

ताई, मग युगांडाचं काय? 2008 मध्ये सरकारने तरुणांच्या गटांना धंद्यासाठी रोख रक्कम दिली. देखरेख जवळपास नव्हतीच. चार वर्षांनी त्यांची कमाई इतरांपेक्षा 38 टक्के जास्त होती. शिवाय घानाच्या अभ्यासातून एकट्या भेटींचा उपयोग सिद्ध होत नाही.

प्रेषक: सेवा समिती

दुसरा मुद्दा बरोबर, एकट्या भेटींचं श्रेय त्यातून वेगळं काढता येत नाही. पण युगांडाची गोष्ट अर्धीच सांगितलीस. नऊ वर्षांनी कमाईतला तो फरक जवळपास मिटला होता, कारण रोख न मिळालेलेही हळूहळू बरोबरीला आले. तरी पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. मधली काही वर्षं चांगली गेली, हेही काही कमी नाही. शिवाय तिथले तरुण धंद्याचा आराखडा लिहून अर्ज करणारे होते. आपल्या यादीतल्या काही बायकांना बँकेचं पासबुकही दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच: दुसऱ्या वर्षी भेटी आठवड्याच्या महिन्यावर आणा, पण एकदम तोडू नका. वाचेल त्यातला काही भाग जनावर दगावलं तर बदली द्यायला बाजूला ठेवा. आणि मदत संपल्यावर तीन वर्षांनी एकदा विचारपूस करायचा खर्च आत्ताच अंदाजपत्रकात धरा. नंतर तो कुणी देत नाही.

प्रेषक: खजिनदार

ठीक. ठराव मागे घेत नाही, पण ही दुरुस्ती घालून आणतो. बदली जनावराचा खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा आणि जनावर खरंच दगावलं हे कोण लिहून देणार, तेवढं बैठकीआधी कळवा. हिशेब तपासनीस विचारणारच.