लष्करी गुप्तवार्ता विभागातील भाषातज्ज्ञाचे काम : गोव्यातून तयारी कशी करावी?

प्रश्न : डिचोलीची विद्यार्थिनी

सर्वांना नमस्कार. मी डिचोली तालुक्यातील एका गावात राहते आणि कला शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कोंकणी बोलतात, माझी प्राथमिक शाळा मराठी होती, नववीपासून मी पोर्तुगीज घेतली आणि गेली दोन वर्षे ऑनलाइन वर्गातून मंदारिन शिकत आहे. सैन्याच्या गुप्तवार्ता विभागात भाषातज्ज्ञ म्हणून काम करावे, असे मला मनापासून वाटते. मात्र बाबांनी परवा जेवताना विचारले, "तिथे बसून तू दिवसभर नेमके करणार काय?" आणि मला उत्तर देता आले नाही. हे काम प्रत्यक्षात कसे असते, त्याची वाट कुठून जाते आणि माझ्या पोर्तुगीजचा तिथे काही उपयोग आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : निवृत्त सुभेदार, फोंडा

तुमच्या बाबांचा प्रश्न अगदी रास्त आहे. मी सिग्नल्समध्ये, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन विभागात होतो. भाषातज्ज्ञ नव्हतो, पण त्यांच्या शेजारी बसून अनेक रात्री काढल्या आहेत. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम निवृत्तीनंतरही सुटत नाही आणि सुटूही नये, म्हणून ठिकाणे व प्रसंग सोडून फक्त कामाविषयी लिहितो.

हे काम मुख्यतः ऐकण्याचे आहे. कानाला हेडफोन, समोर कागद आणि चाळीस सेकंदांचे एकच संभाषण, जे दहा-पंधरा वेळा मागे नेऊन ऐकावे लागते, कारण बोलणारा घाईत असतो, वारा असतो आणि यंत्राची खरखर असते. उर्दूचेच उदाहरण घ्या. 'कल' म्हणजे काल आणि उद्याही. 'कल निकल' एवढे स्पष्ट ऐकू आले आणि पुढचा शब्द खरखरीत बुडाला, तर तो 'गए' होता की 'जाएँगे', यावर सगळे अवलंबून असते. तुम्ही वर 'परवा' लिहिले आहे. तो परवा होऊन गेलेला, हे मला 'विचारले' या क्रियापदामुळे कळले. ते क्रियापद पुसले गेले असते, तर मी काय लिहायला हवे होते? जागा रिकामी सोडायला हवी होती. आमच्याकडे चांगला भाषातज्ज्ञ ओळखायचा तो यावरूनच. शब्द कळला नाही तेथे तो 'अस्पष्ट' असे लिहितो, आणि वरिष्ठ घाई करत उभे असले तरी अंदाजाने वाक्य पुरे करीत नाही. जो पुरे करतो, त्याची भाषा कितीही उत्तम असली तरी तो धोक्याचा माणूस आहे, असे माझे ठाम मत आहे.

ऐकलेल्या शब्दाचे मोल किती असते, हे कारगिलच्या वेळी सर्वांनी पाहिले. बीजिंगमध्ये असलेले जनरल मुशर्रफ आणि रावळपिंडीतील त्यांचे सहकारी लेफ्टनंट जनरल मोहम्मद अझीझ खान यांची २६ व २९ मे १९९९ ची दूरध्वनी संभाषणे भारत सरकारने ११ जूनला जाहीर केली आणि घुसखोरीमागे पाकिस्तानी सैन्यच आहे, हे जगासमोर आले.

उत्तर २ : मंदारिनची शिक्षिका, ताळगाव

सुभेदार साहेबांनी सांगितले त्याची मंदारिनमधली बाजू मांडते, कारण तुम्ही वर्गात शिकता ती भाषा आणि वायरलेसवर ऐकू येणारी भाषा यांत मोठे अंतर आहे. चिनी सैनिक आकडे वेगळ्या पद्धतीने उच्चारतात. एकाला 'यी' न म्हणता 'याओ', साताला 'ची' न म्हणता 'ग्वाय', शून्याला 'लिंग' न म्हणता 'तुंग' असे म्हणतात, कारण 'यी' आणि 'ची' खरखरीत सारखेच ऐकू येतात. त्यात भर उच्चारांच्या प्रांतभेदांची. आपल्या सीमेकडे पाहणाऱ्या चीनच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय सिचुआन प्रांतातील चंगदू येथे आहे, आणि त्या प्रांतातील अनेकजण 'श' चा 'स' करतात. मग चार म्हणजे 'सि' आणि दहा म्हणजे 'शि' यांतील फरक केवळ सुरावर, म्हणजे आवाजाच्या चढउतारावर उरतो. चार गाड्या की दहा, हे त्या सुरावर ठरते!

अमेरिकी सैन्याच्या माँटेरे येथील भाषा संस्थेत स्पॅनिशला ३६ आठवडे आणि मंदारिनला ६४ आठवडे पूर्ण वेळ देतात. तुमची दोन वर्षे वाया गेलेली नाहीत, पण ती सुरुवात आहे, असेच समजा.

उत्तर ३ : पर्वरीहून एक वाचक

वाटेबद्दल लिहितो. 'भाषातज्ज्ञ' म्हणून थेट गुप्तवार्ता विभागात जाण्यापेक्षा आधी सैन्यात जाणे आणि मग भाषेमुळे निवड होणे, हा मार्ग अधिक रुळलेला आहे. पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा देता येते. सैन्याच्या शिक्षण कोअरमध्ये महिला अधिकाऱ्यांना २००८ पासून कायमस्वरूपी कमिशन मिळते आणि याच कोअरच्या पचमढी येथील केंद्रात परदेशी भाषा शिकवतात. संरक्षण मंत्रालयाची विदेशी भाषा शाळा १९४८ पासून दिल्लीत आहे. गुप्तवार्तेचे लष्करी प्रशिक्षण पुण्यात होते. प्रादेशिक सेनेनेही अलीकडे मंदारिन जाणणाऱ्यांना सामावून घेतले आहे, आणि तिथे आपली नोकरी सांभाळून सेवा करता येते. लडाखमधील चुशुलसारख्या ठिकाणी भारत व चीनच्या सैन्यांच्या बैठका होतात, तेथे दुभाषी लागतोच.

पोर्तुगीज सोडू नका, मात्र मुख्य भर मंदारिनवर ठेवा. मोझांबिकमध्ये १९९२ नंतर आणि अंगोलात १९९५ पासून भारतीय सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होते. दोन्ही देशांची राजभाषा पोर्तुगीज आहे.

डिचोलीची विद्यार्थिनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुभेदार काका, तुमचे उत्तर मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी 'परवा' चा भाग पुन्हा वाचायला लावला आणि मग म्हणाले, "म्हणजे न कळलेले कबूल करण्याचे काम." रात्री मी चिनी रेडिओवरील चाळीस सेकंदांच्या बातमीचे ध्वनिमुद्रण घेतले आणि ऐकू येईल तेवढेच लिहिले. चौदा वेळा ऐकूनही अकरा जागा रिकाम्या राहिल्या. उद्या तोच तुकडा पुन्हा घेणार आहे.