रीस्टार्ट बंद नको, वेळ आपण ठरवा
सर्व्हरच्या अपग्रेडमध्ये पोस्टग्रेस हा डेटाबेस आपोआप रीस्टार्ट झाला, तर असं आपोआप रीस्टार्ट होणं कायमचं बंद करावं का, असा एकाचा प्रश्न आहे. नको, पुढे ढकला. लायब्ररी (प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड) डिस्कवर बदलली तरी चालू प्रोसेसच्या मेमरीत जुनीच राहते. म्हणजे ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचा पॅच लावूनही रीस्टार्ट होईपर्यंत सुरक्षेतलं भोक तसंच.

आमच्याकडे रावेरला केळीच्या हंगामात सकाळी वजनकाट्यावर गाड्यांची रांग असते, तेव्हा डेटाबेस क्षणभरही पडायला नको. म्हणून डेबियन लिनक्सवर पॉलिसी-आरसी.डी नावाची स्क्रिप्ट ठेवतो; ती 101 हा कोड परत करते, म्हणजे पॅकेजला सर्व्हिस सुरू किंवा रीस्टार्ट करायला मनाई. आणि कोणत्या सर्व्हिसला रीस्टार्ट हवा ते शोधणारं नीडरीस्टार्ट हे टूल फक्त यादी दाखवण्यावर. रात्री काटा थांबला की यादी बघून एकेक सर्व्हिस रीस्टार्ट करतो. ती पॉलिसी-आरसी.डी स्क्रिप्ट नंतर आठवणीने काढा हं! नाहीतर पुढे नवीन पॅकेज टाकलं की त्याची सर्व्हिस सुरूच होत नाही, आणि कारण शोधण्यात अख्खी दुपार जाते.