घरचा ग्रुप: गाडीचा पिवळा लाईट

नीलेश (दारव्हा): दादा, यवतमाळवरून येताना लाडखेडपासून गाडीचा इंजिनचा पिवळा लाईट लागला. मेकॅनिक म्हणते ऑक्सिजन सेन्सर गेला, साडेचार हजार. परवा बाबाले डोळे दाखवाले सेवाग्रामले न्यायचं हाय.

मोठे बाबा: बॅटरीची वायर काढून ठेव धा मिनिटं. जिपचं मी असंच करो.

संदीप (नागपूर): मोठे बाबा, लाईट जाते अन् पुरावाही जाते. गाडी बिघाडाचा कोड साठवून ठेवते, थो पुसल्यावर शोधाचं काय? नीलेश, लाईट नुसता लागून हाय का लुकलुक करते?

नीलेश: चढावर लुकलुक करते. उभी असली का थरथरते. माय म्हणते, गाडी गहू चाळून रायली.

संदीप: मंग चालवू नको. मिसफायर हाय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधे पेट्रोल बरोबर जळून नाई रायलं. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे जाऊन जळते. थो वितळला तर साडेचार हजारात भागत नाई. स्टीअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट हाय. २०१४ चं मॉडेल म्हणजे ओबीडी-२ (बिघाड नोंदवाची पद्धत) वालं, कोड वाचाले ब्लूटूथचा साधा स्कॅनर चालते. कोणाचा तरी माग.

प्रज्ञा ताई: यूट्यूबवर पेट्रोलचं झाकण घट्ट करा म्हणतात.

संदीप: ते अमेरिकेतल्या गाड्यांचं, ताई. झाकणानं गाडी थरथरत नाही.

नीलेश: आला कोड. पी०३०२ अन् पी०१७१.

संदीप: ०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमधे मिसफायर. ०१७१ म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. पण सिलिंडर जळलाच नाही तर त्यातला ऑक्सिजन तसाच बाहेर येते, सेन्सरले वाटते हवा जास्त झाली. सेन्सर चुगली करून रायला, चोर थो नोहे. आता इंजिन थंड होऊ दे. दोन नंबरची कॉइल (प्लगले ठिणगीसाठी करंट देते थे) एक नंबरवर लाव, एकची दोनवर. कोड पुस, गावातच एक चक्कर मार. ०३०१ आला तर कॉइल गेली.

नीलेश: केलं. पुन्हा ०३०२ च.

संदीप: मंग कॉइल चांगली. प्लग पाय, कनेक्टर पाय.

नीलेश: दादा!! कनेक्टर ओढला तं वायरच हातात आली. कुरतडलेली, नुसतं तांबं. खाली सरकीची टरफलं अन् बोंडाएवढा कापसाचा गोळा. उंदरानं इंजिनवर घर केलं होतं.

वहिनी: मी कवाची सांगून रायली, कापूस पडवीत अन् गाडीबी पडवीत.

नीलेश: मोटारपंपवाल्या वायरमननं जोडली, वरून स्लीव्ह चढवली. एकशे वीस रुपये. कोड पुसला, लिंग्यापर्यंत जाऊन आलो, लाईट नाई, थरथर नाई.

संदीप: सेवाग्रामहून आल्यावर पुन्हा एकदा स्कॅन कर. बाकीच्या वायरीही पाय, उंदीर एकच वायर खाऊन थांबत नाही.

वहिनी: अन् कापसाचं काय?

मोठे बाबा: भाव आला का इकतो. तवर गाडी आंगनात लावा.