सोयाबीनचे पैसे पेरणीपर्यंत राखून ठेवण्यासाठी काय करता येईल?

प्रश्न: बँकसखी, हिंगोली जिल्हा

नमस्कार. मी गेली चार वर्षे आमच्या भागातील पाच गावांत बँकसखी, म्हणजे महिला बचत गट आणि बँक यांना जोडणारी कार्यकर्ती, म्हणून काम करते. आमच्याकडे बहुतेक कुटुंबांचे वर्षाचे मुख्य उत्पन्न सोयाबीनचे असते आणि ते दसरा-दिवाळीच्या सुमारास एकदम हाती येते. मे महिना येईपर्यंत त्यातले काहीच शिल्लक नसते, त्यामुळे बियाणे आणि खत उधारीवर उचलावे लागते. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो आणि अनेकदा पुढचा माल त्याच व्यापाऱ्याकडे घालण्याचे बंधनही येते.

आम्ही सलग दोन वर्षे एप्रिलमध्ये घरखर्चाच्या हिशेबाचे प्रशिक्षण घेतले. महिलांनी वह्या नीट भरल्या. बचत का करावी हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळते, असेच मला बोलताना जाणवले. तरीही जूनमधली उधारी होती तेवढीच राहिली. समज कमी नसेल, तर मग कमी काय पडते? आणि गटाच्या पातळीवर, जास्तीचा निधी नसताना, आम्ही काय बदलू शकतो?

उत्तर १: निवृत्त कृषी अधिकारी, ग्रामीण बँक

ताई, प्रशिक्षणात दोष नव्हता, त्याची वेळ चुकली असे मला वाटते. एप्रिलमध्ये वही उघडली तेव्हा राखून ठेवण्यासारखे घरात काही उरलेलेच नव्हते. निर्णय व्हायला हवा तो आडतीवरून विक्रीची पट्टी आणि पैसे हातात पडतात त्या आठवड्यात.

पश्चिम केनियातील मका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी केलेला प्रयोग याच प्रश्नावरचा आहे आणि त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. तिथेही शेतकरी ‘पुढच्या हंगामात खत घालणार’ असे मनापासून सांगत आणि हंगाम येईपर्यंत पैसे संपलेले असत. प्रयोगात कापणीनंतर लगेच, घरात पैसे असतानाच, खताची आगाऊ खरेदी करण्याची सोय दिली गेली. दर बाजाराचाच होता, फक्त खत गरजेच्या वेळी घरपोच मोफत येणार होते. एवढ्या छोट्या बदलाने खताचा वापर ४७ ते ७० टक्क्यांनी वाढला आणि हा परिणाम हंगामाच्या तोंडावर दिलेल्या ५० टक्के अनुदानाच्या तोडीचा होता. कर्जवाटपात इतकी वर्षे घालवल्यानंतर हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो, कारण आमची सगळी मोहीम मे-जूनमध्येच चालत असे.

उत्तर २: शेतकरी, लातूर जिल्हा

वरील प्रयोगाचा आदर राखून मला वेगळे मत मांडायचे आहे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आमच्यापैकी पुष्कळांनी त्याच्या खालीच माल विकला. काढणी, मळणी, मजुरी आणि आधीची उधारी चुकती केल्यावर ज्याच्या हातात काही उरतच नाही, त्याला सवय बदलायला सांगणे अन्यायाचे आहे. दवाखान्याचे एक बिल आले की सगळे नियोजन कोलमडते. त्यामुळे ‘शेतकऱ्याची मानसिकता’ हा शब्द ऐकला की आम्हाला दुखावल्यासारखे होते.

ज्यांच्याकडे थोडा माल थांबवता येण्यासारखा आहे, त्यांच्यासाठी मात्र पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने ६ महिन्यांसाठी मिळते. दिवाळीची नड भागते आणि पडत्या भावात सगळी रास विकावी लागत नाही. आपली समिती ही योजना राबवते का, हे काढणीआधीच विचारून ठेवावे.

उत्तर ३: ग्रामीण अर्थव्यवहाराची अभ्यासक, पुणे

दादांचा आक्षेप रास्त आहे आणि या विषयातील सर्वांत महत्त्वाचे संशोधन त्यांच्याच बाजूने बोलते. तमिळनाडूतील ५४ गावांतल्या ४६४ ऊस उत्पादकांची पारख तोडणीआधी आणि तोडणीनंतर अशी दोनदा केली गेली. तोडणीआधी, म्हणजे ओढाताणीच्या काळात, त्याच माणसांना आकलनाच्या चाचण्या जड गेल्या आणि पैसे आल्यावर सोप्या गेल्या. माणूस तोच, बुद्धी तीच. चणचणीने मनाची जागा अडवून ठेवली होती. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून मी एवढेच घेते की, अवघड निर्णय ओढाताणीच्या काळावर ढकलू नयेत.

प्रश्नकर्त्या ताईंना एक सावधगिरीची गोष्ट सांगायची आहे. पैसे बाजूला काढण्याची सोय करताना ते कितपत अडकवून ठेवावेत, हा विचार आधी करावा. केनियातच पास्कलिन दुपा आणि रॉबिन्सन यांनी काही कुटुंबांना आजारपणासाठीच्या बचतीची साधी कुलपाची पेटी किल्लीसह दिली, तर काहींच्या पेटीची किल्ली कार्यक्रमाच्या अधिकाऱ्याकडे ठेवली. किल्ली स्वतःकडे असलेल्या पेटीनेही आरोग्यासाठीची बचत चांगलीच वाढली. दुसऱ्या पेटीचा तितका उपयोग झाला नाही, कारण अचानक नड आली तर आपलेच पैसे हाती लागणार नाहीत ही भीती लोकांना होती. घरातल्या घरात ‘हे बियाण्याचे’ असे नाव पडले, की त्या पैशाला हात लावताना माणूस थांबतो आणि नातेवाइकाला नकार देणेही सोपे जाते. म्हणून पैशाला नाव द्यावे, पण किल्ली घरातच राहू द्यावी.

उत्तर ४: बचत गटाच्या अध्यक्षा, यवतमाळ जिल्हा

आमच्या गटाने पैशाऐवजी पोतेच बाजूला ठेवायला सुरुवात केली. सोयाबीनचे सुधारित वाण सरळ, म्हणजे संकरित नसलेले, असल्यामुळे घरचे बियाणे दोन-तीन वर्षे वापरता येते आणि एकराला साधारण ३० किलो लागते. मळणी झाली की खळ्यावरच, विक्रीचा माल भरण्याआधी, तेवढे स्वच्छ दाणे वेगळे काढायचे, पोत्यावर शेताचे नाव लिहायचे आणि पुढच्या बैठकीत ‘माझे पोते ठेवले’ असे सर्वांसमोर सांगायचे, एवढाच आमचा नियम आहे. पहिल्या वर्षी आम्ही बैठक दिवाळीनंतर घेतली आणि तोपर्यंत तीन घरांतली पोती आडतीवर गेली होती. आता बैठक मळणीच्याच आठवड्यात होते. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते, म्हणून पोती आपटू नयेत आणि ओलीपासून दूर ठेवावीत. मे महिन्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहतो. सत्तर किंवा अधिक उगवले तरच ते बियाणे पेरतो. खताच्या रकमेसाठी ही युक्ती चालत नाही. त्यासाठी आमच्या पाच जणींनी पोस्टात आवर्त ठेव उघडली आहे, पण ऐन टंचाईत तिचा दर महिन्याचा हप्ता भरणे जिवावर येते, हेही सांगायला हवे.

प्रश्नकर्तीचे म्हणणे

सर्वांचे मनापासून आभार. आजवर मी ज्या महिन्यात शिकवत होते त्या महिन्यात ऐकणारीच्या हातात काहीच नव्हते, हे मला आज पहिल्यांदा स्पष्ट दिसले. यंदा एप्रिलचे प्रशिक्षण रद्द करून ऑक्टोबरमध्ये, मळणी चालू असतानाच, प्रत्येक गटाची अर्ध्या तासाची बैठक घेणार आहे. त्यात बियाण्याचे पोते ठरेल, आणि ज्यांच्याकडे रोख उरते त्या खताची रक्कम वेगळ्या पाकिटात ठेवतील. पाकीट त्यांच्याच घरी राहील.

एक अडचण मात्र उरते. आमच्या दोन गावांतील अनेक जोडपी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. त्यांना मुकादमाकडून उचल जाण्याआधीच मिळते, ती आधीच्या देण्यात जाते आणि मळणीच्या बैठकीला त्यांच्या घरी फक्त म्हातारी माणसे असतात. त्यांच्यासाठी बैठक उचल मिळण्याच्या दिवसांत ठेवावी, की हंगाम संपवून परत येताना हिशेब होतो तेव्हा?

उत्तर ५: निवृत्त कृषी अधिकारी, ग्रामीण बँक

परत येताना, ताई. उचलीचे पैसे येतात तेव्हा ते आधीच कुणाचे तरी झालेले असतात. शेवटच्या हिशेबात काही उरले, तर ती मार्च-एप्रिलची रक्कम पेरणीच्या अगदी जवळची असते आणि फार दिवस सांभाळावीही लागत नाही. त्या कुटुंबांसाठी तुमचे एप्रिलचे प्रशिक्षण रद्द करू नका.