राजस्थानच्या वाळवंटातून एकट्यानं सायकल: बीकानेर ते बाडमेर, मध्ये तनोट. सल्ला हवाय

नंदगडचा सायकलवाला:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात सुट्टी टाकून बीकानेर-फलोदी-रामदेवरा-पोकरण-जैसलमेर, तिथून वर पाकिस्तान सीमेजवळचं तनोट मातेचं मंदिर आणि १९७१ च्या लढाईचं लोंगेवाला करून परत, मग खाली बाडमेर असं एकटंच सायकलनं जायचा विचार करालोय. आमच्याकडं खानापूर तालुक्यात पावसाळ्यात चार महिने धड आभाळ दिसत नाही आणि बाकीचे दिवस जंगल, म्हणून असेल कदाचित, पण कितीतरी वर्षं डोक्यात आहे की जिथं नजर पोचेल तिथपर्यंत आडवं काही येत नाही अशा जागी सायकल चालवायची. चोर्ला, आंबोली, सौंदत्ती, पंढरपूर हे सगळं झालंय पण वाळवंटाची काहीच कल्पना नाही. उद्यमबागला मशीन शॉपमध्ये कामाला आहे, बजेट मोठं नाही. जुनी स्टील फ्रेमची २६ इंची एमटीबी (माउंटन बाईक) आहे, तीच न्यावी की हप्त्यावर नवीन ग्रॅव्हल बाईक (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांवर चालणारी) घ्यावी? पाणी किती न्यायचं? तनोटकडं रेंज नसते म्हणतात, आईला काळजी लागून राहिलीय, तर व्हिडिओत दाखवतात ते सॅटेलाईटवरून मेसेज जाणारं यंत्र घेऊ का? झोपायची सोय काय?

अथणीकर:
भावा, सायकल कुठली हा प्रश्न शेवटचा ठेव. वाळवंटात दिवस ठरवतंय ते पाणी आणि वारा, ह्या दोन गोष्टी लागल्या की बाकी सगळं जमतंय बघ.

आधी वारा. हिवाळ्यात तिकडं वारा जास्त करून उत्तरेकडून, ईशान्येकडून असतोय, त्यामुळं बीकानेरहून खाली येणं ही तुझी दिशा बरोबर आहे, ती उलटी करू नको. फक्त जैसलमेर ते तनोट तू वर जाणार, म्हणजे वारा समोरून. तो सगळा मिळून सुमारे १२० किलोमीटरचा रस्ता आहे आणि एका दिवसात ओढायच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, रामगढला मुक्काम कर, ते साधारण अर्ध्यावर येतंय. रामगढच्या पुढं रस्ता चांगला आहे पण वाळूच्या टेकड्यांवरनं सतत खालीवर, दुकान नाही, सावली नाही, आणि वारं सुटलं की वाळू डांबरावर येऊन पसरते, तिथं सरळ उतरून ढकलायचं. तनोटहून परत येताना लोंगेवालामार्गे ये, वारा पाठीला मिळेल.

पाणी: डिसेंबरात दुपारी २५ च्या आसपास तापमान असतंय, घाम लगेच वाळतो म्हणून आपण किती गमावलं ते कळतच नाही, हाच मोठा धोका. दिवसाला पाच लिटर धरून चाल आणि रामगढ-तनोट-लोंगेवाला पट्ट्यात त्याच्यावर दोन लिटर जास्तीचं, जे गाव दिसेपर्यंत उघडायचं नाही. सगळं एकाच कॅनमध्ये नको, एक फुटला तर संपलं. विहिरीचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं लागतंय. गावात पावसाचं पाणी साठवलेली जमिनीखालची टाकी असते, टांका म्हणतात, ते घरच्यांचं वर्षभराचं पाणी असतंय, विचारल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. विचारलं की कुणी नाही म्हणत नाही, वर ताक पाजतात.

आणि सराव घाटात करू नकोस रे. चोर्ल्यानं मांड्या तयार होतील पण तुला लागणार आहे तासन्‌तास एकाच पोझिशनमध्ये, समोरच्या वाऱ्यात, सपाटीवर पायडल मारायची सवय. ऑक्टोबर हिटमध्ये सामान लादून अथणी-विजापूर रस्ता धर, नाहीतर सौंदत्तीहून पुढं रामदुर्गकडं. झाड नाही, उतार नाही, उतारावर मिळते ती विश्रांती नाही. तिथं डोकं शांत राहिलं तर थरच्या वाळवंटात पण राहील.

टिळकवाडी रायडर:
एकट्यानं नको असं मला वाटतं. पहिल्यांदाच आहे तर कच्छ कर ना, भुज-खावडा-धोळावीरा. खावड्याहून धोळावीऱ्याला जाणारा नवा रस्ता दोन्ही बाजूंनी मिठाच्या पांढऱ्या रणातून जातो, आणि शेवटी हडप्पा काळातलं शहर बघायला मिळतं, २०२१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. अंतर पण आवाक्यातलं.

नंदगडचा सायकलवाला:
कच्छ पण करायचंच आहे दादा, पण ओढ तनोटची आहे. आणि एकट्यानंच जायचंय, सोबत असली की बोलण्यात दिवस जातो, मला तो रस्ता पूर्ण स्वतःच्या वेगानं बघायचा आहे. आईला मात्र हे कसं सांगायचं कळंना झालंय.

कडोलीचा फौजी:
बाळा, मी मराठा लाईट इन्फंट्रीतून रिटायर झालोय, त्या बाजूला नोकरी केलीय. आईला सांग की तनोटचा रस्ता ओसाड असला तरी बेवारस नाही, बीएसएफ आणि आर्मीच्या गाड्यांची ये-जा असतेच, मंदिराची व्यवस्था पण बीएसएफच बघते.

पण ते सॅटेलाईटचं यंत्र अजिबात घेऊ नकोस. आपल्या देशात परवानगीशिवाय सॅटेलाईट फोन किंवा तसलं मेसेज पाठवणारं यंत्र बाळगणं हा गुन्हा आहे. परदेशी लोक विमानतळावर अशा यंत्रासकट पकडले गेलेत, तू तर बॉर्डरला निघालाईस. ड्रोन पण नको. चौकी, टॉवर, गाड्या, तारेचं कुंपण ह्यांचे फोटो नकोत, कॅमेरा हँडलला लावून सतत चालू ठेवायची सवय असेल तर रामगढच्या पुढं बंद कर. ओरिजिनल आधार कार्ड वरच्या खिशात ठेव. कुणी थांबवलं तर सायकलवरनं उतरून, गॉगल काढून, कुठून आलो, कुठं जालोय, रात्री कुठं राहणार हे नीट सांगायचं. नाव-गाव लिहून घेतलं तर चांगलंच झालं समज, तू ह्या रस्त्यावर आहेस हे कुणाला तरी माहीत झालं. मंदिराच्या पुढं बॉर्डर पिलरकडं जायला वेगळी परवानगी लागते, ती असल्याशिवाय पुढं सरकायचं नाही.

पोकरणच्या आसपास फायरिंग रेंज आहे. तिथं बोर्ड दिसला की रस्ता सोडून एक पाऊल आत टाकायचं नाही, लघवीला सुद्धा नाही. न फुटलेला दारूगोळा वाळूत पडलेला असू शकतो. तंबू तर सोडूनच दे. मुक्काम गावात, धर्मशाळेत नाहीतर देवळात. रामदेवऱ्याला रामदेवबाबांच्या भक्तांची कायम गर्दी म्हणून धर्मशाळा भरपूर, तनोटला मंदिराजवळ सोय आहे पण आधी जैसलमेरमधनं चौकशी करून घे.

लोंगेवालाला घाईत जाऊ नकोस. १९७१ च्या डिसेंबरात ४ तारखेच्या रात्री २३ पंजाब बटालियनच्या एका कंपनीनं रणगाड्यांच्या समोर ती चौकी सकाळी आपली विमानं येईपर्यंत धरून ठेवली. पाकिस्तानचे रणगाडे अजून तिथं ठेवलेत. थोडा वेळ बस तिथं.

गिअर आणि ग्रीस:
नवीन बाईकसाठी कर्ज काढू नको, तुझी २६ इंची स्टीलच बरोबर आहे. फ्रेम किंवा कॅरियर तुटलं तर कुठल्याही गावात वेल्डिंगवाला जोडून देतो, आणि २६ ची ट्यूब फलोदी-पोकरणसारख्या गावात मिळायची शक्यता आहे, ग्रॅव्हल बाईकची कुठं शोधणार. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड घे, म्हणजे टायरवाल्याकडं हवा भरता येते.

तिकडं खरा शत्रू काटा. रस्त्याच्या कडेला गोखरू, भुरट नावाच्या गवताची काटेरी बोंडं, आणि विलायती बाभूळ, तिचा काटा साध्या टायरमधून सरळ आत जातो. जाड पंक्चर-प्रोटेक्शनचे टायर, आतून लायनर (टायर आणि ट्यूबच्या मधली पट्टी), ट्यूबमध्ये भोक बुजवणारं सीलंट, तिन्ही कर. सायकल टेकवायला डांबर सोडून खाली उतरलास की परत चढायच्या आधी दोन्ही टायरवरनं हात फिरवायचा. चेनला ओलं तेल घालू नको, वाळू चिकटून दोन दिवसात सगळं घासून जाईल, वॅक्सवालं कोरडं ल्यूब वापर आणि रोज रात्री फडक्यानं पूस. तू मशीन शॉपमध्ये आहेस म्हणजे मागच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी पाण्याच्या कॅनसाठी पट्टीचे स्टँड स्वतःच बनव, वजन खाली राहील असे.

शहापूरची सिस्टर:
मी नर्स आहे म्हणून पाण्याबद्दल एक जोडते. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर शरीरातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळल्यासारखा वागतो, आणि त्याला वाटतं पाणी कमी पडलं म्हणून तो आणखी पितो. म्हणून दिवसातल्या एकदोन लिटरमध्ये ओआरएस घाला. पाकिटं संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. लघवीचा रंग बघत राहा, गडद झाला की थांबायचं. थंडी कमी समजू नका, रात्री पारा पाचच्या खाली जातो, घामाचे कपडे मुक्कामाला पोचल्या पोचल्या बदला. बूट सकाळी झटकून मगच पाय घाला, विंचू असतात, आणि आपल्याकडचं फुरसं तिकडंही आहे.

खायला गोकाकचं करदंट न्या. डिंक, गूळ, सुकामेवा, टिकतं पण खूप. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असली की दुपारच्या जेवणाची चिंता नाही. संध्याकाळी मात्र तिथलंच खा, बाजरीची रोटी आणि केर-सांगरीची भाजी.

नंदगडचा सायकलवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. यंत्राचा विचार सोडला, जुनीच सायकल नेतो, स्टँडचं काम पुढच्या रविवारी. फौजी मामा, तुमचा मेसेज आईला वाचून दाखवला, आता तिनं रोज रात्री फोन हवा एवढीच अट घातलीय. एक राहिलं, सायकल तिकडं न्यायची कशी?

अथणीकर:
बेंगळुरू-जोधपूर गाडी बेळगाववरनं जाते, वार बघून घे, जोधपूरला उतरून बीकानेरची गाडी पकड. परत येताना बाडमेरहून जोधपूरला रेल्वे आहेच. पार्सलनं बुक केलीस तर बेळगावात गाडी थोडाच वेळ थांबते, सायकल त्याच गाडीत चढली का नाही ते डब्यापाशी उभं राहून बघावं लागतंय. त्यापेक्षा दोन्ही चाकं, पायडल आणि हँडल सोडव, पोत्याच्या कापडाची बॅग शिवून घे आणि लोअर बर्थखाली सरकव. २६ ची आहे, बसतंय. मागच्या डिरेल्यरला (गिअर बदलणाऱ्या भागाला) पुठ्ठा बांध, आणि पायडल उघडायचा पाना सामानात वरच ठेव, बीकानेर स्टेशनवर पहिला तोच लागणार आहे.