अनोळखी विकराचे (एन्झाइमचे) कार्य ठरवण्यासाठी किती पुरावा पुरेसा मानावा?

प्रश्न (ठाणे, एम.एस्सी. विद्यार्थिनी)

नमस्कार. माझ्या प्रकल्पासाठी मी क्षयाच्या जंतूचे एक जनुक घेतले आहे, ज्याच्यापुढे माहितीकोशात केवळ ‘कल्पित प्रथिन’ अशी नोंद आहे. त्याचा अनुक्रम एस्टरेज (एस्टर ही संयुगे पाण्याच्या साहाय्याने तोडणाऱ्या) गटातील विकरांशी साधारण एक तृतीयांश जुळतो आणि क्रियास्थानी (जिथे रासायनिक क्रिया घडते तिथे) अपेक्षित असलेले सेरिन हे अमिनो आम्लही नेमके जागेवर आहे. हे जनुक ई. कोलायमध्ये घालून मी प्रथिन तयार केले, निकेलच्या कॉलमवर (प्रथिन धरून ठेवणाऱ्या निकेलयुक्त नळीत) ते शुद्ध केले आणि त्यात पॅरा-नायट्रोफेनिल ब्युटिरेट हे एस्टर मिसळले, तेव्हा द्रावण पिवळे झाले. एवढ्यावरून प्रबंधात ‘हे एस्टरेज आहे’ असे लिहिता येईल का? मार्गदर्शकांना ते पुरेसे वाटते, पण मला अजून खात्री वाटत नाही.

उत्तर (ऐरोली)

आपली शंका रास्त आहे. पिवळ्या रंगावरून एस्टर तुटून पिवळे नायट्रोफेनॉल सुटले एवढेच कळते. ई. कोलायची स्वतःची एस्टरेजे आहेत आणि निकेलच्या कॉलमवरून त्यांचा अंश सोबत उतरू शकतो. शिवाय बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) अल्कधर्मी असेल तर हे संयुग विकराविनाही हळूहळू तुटत राहते. आमच्या प्रयोगशाळेत अशाच अशुद्धीचे आकडे आम्ही तीन आठवडे आपल्या प्रथिनाचे समजून नोंदवत होतो, म्हणून हे कळकळीने सांगतो आहे. रिकामा प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारे डीएनए, पण आपले जनुक न घातलेले) असलेल्या ई. कोलायचा अर्क त्याच कॉलमवरून काढून तपासा आणि क्रियास्थानच्या सेरिनच्या जागी अ‍ॅलनिन हे दुसरे अमिनो आम्ल घातलेले प्रथिनही बनवा. त्या बदललेल्या प्रथिनाची घडण शाबूत असूनही रंग येईनासा झाला, तर क्रिया आपल्याच प्रथिनाची आहे असे ठामपणे म्हणता येईल. त्यानंतर २ ते १६ कार्बनांच्या साखळ्यांची एस्टरे देऊन वेग मोजा. लांब साखळ्या अधिक वेगाने तुटत असतील तर ते लायपेजकडे (स्निग्ध पदार्थ तोडणाऱ्या विकराकडे) झुकणारे आहे.

उत्तर (नेरूळ)

वरील सूचना उत्तम आहेत, परंतु त्यांतून आपल्याला क्रिया कळेल. जंतूच्या जगण्यात त्या क्रियेचे काय काम आहे, हा प्रश्न तरीही उरेल. पॅरा-नायट्रोफेनिल एस्टर हे प्रयोगशाळेतले संयुग आहे, फुप्फुसात ते जंतूला कधी भेटत नाही.

या संदर्भात आयसोसायट्रेट लायेजचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. क्षयाच्या जंतूत या विकराच्या दोन प्रती आहेत. त्यांतले एकच जनुक काढले तर दुसरे बरेचसे काम सांभाळून घेते. दोन्ही काढल्यावर मात्र हा जंतू उंदरांच्या फुप्फुसांत तग धरू शकत नाही, असे २००५ मध्ये दिसून आले. स्निग्धाम्लांवर जगताना लागणाऱ्या ग्लायऑक्झिलेट मार्गातले हे विकर प्रोपिओनेटच्या विघटनातही भाग घेते, हेही पुढे स्पष्ट झाले. ग्लुकोज घातलेल्या माध्यमात एकच जनुक काढून कोणी पाहिले असते, तर ‘या विकराला विशेष महत्त्व नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता. म्हणून आपल्या जनुकाला जुळी प्रत आहे का, हे आधी पाहा.

आयसोनियाझिड १९५२ पासून क्षयावर दिले जात होते, पण ते ज्या विकरावर आघात करते ते ‘इनएचए’ १९९४ मध्ये ओळखले गेले. तेव्हा एका प्रकल्पात अंतिम उत्तर मिळाले नाही तर खंत वाटू देऊ नका.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. क्षयाचा जिवंत जंतू हाताळण्याची सुरक्षित सोय आमच्या महाविद्यालयात नाही. मग जंतूमधला पुरावा कसा मिळवावा?

उत्तर (नेरूळ)

मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस हा क्षयाच्या जंतूचा नातलग घ्या. त्याला वाढवण्यासाठी तेवढी कडक सोय लागत नाही आणि क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला सुमारे एक दिवस घेतो, तिथे याला तीनेक तास पुरतात. त्यात आपल्या जनुकाचा समरूप (त्याच मूळ जनुकापासून आलेले जनुक) असेल तर तो दाबून, ग्लुकोजवर आणि स्निग्धाम्लांवर वेगवेगळी वाढ मोजून पाहा. क्षयाच्या एच३७आरव्ही या प्रकारात कोणती जनुके वाढीसाठी अत्यावश्यक आहेत, याची ट्रान्सपोझॉन (जनुकात घुसून ते बंद पाडणारा डीएनएचा तुकडा) वापरून मिळवलेली माहिती सर्वांसाठी खुली आहे. तीही तपासा, मात्र ती कोणत्या माध्यमात मिळवली हे आधी वाचा.

उत्तर (ऐरोली)

तोवर प्रबंधात ‘शुद्ध केलेल्या प्रथिनात लहान साखळीच्या एस्टरांचे जलविघटन आढळले, जंतूमधील त्याचा नैसर्गिक क्रियाधार अद्याप अज्ञात आहे’ असे लिहावे (क्रियाधार म्हणजे विकर ज्यावर क्रिया करते तो पदार्थ), आणि तेही अ‍ॅलनिनचा प्रयोग झाल्यावरच.

प्रश्नकर्ती

अ‍ॅलनिनच्या बदलासाठी लागणारे प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) आजच मागवते. मार्गदर्शकांनाही हे वाक्य दाखवीन.